हजार किलोमीटरनंतर डबलसीट

लग्नाच्या बोलणीत माझ्या नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने मला एकच गोष्ट कबूल केली होती. समुद्र. बाकीचं सगळं वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवलं. पोहे खाऊन झाल्यावर आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं, तेव्हा छंद काय, स्वयंपाक येतो का, असलं काही न विचारता तो म्हणाला, "चेन्नईला समुद्र आहे. मी मोटारसायकल घेणार आहे. रोज संध्याकाळी जाऊ." मी जालन्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. समुद्र मी पाहिला होता तो किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर. त्यात सूर्य बुडत होता आणि खाली तेलाच्या डब्याची जाहिरात होती. मी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. मुली पगाराला भुलतात, फ्लॅटला भुलतात; मी खाऱ्या पाण्याला भुलले.

दोन हजार तीन-चारचा तो सुमार. नवरा गिंडीला एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला होता आणि घर मात्र आवडीला. त्याचे एक लांबचे काका आवडीतल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, त्यांनी ते शोधून दिलं. शोधून देऊन ते निवृत्त झाले आणि परभणीला निघून गेले. आता गिंडी एका टोकाला, आवडी दुसऱ्या, आणि समुद्र आवडीपासून शक्य तितका लांब. चेन्नईत राहून समुद्र दिसणार नाही अशी जागा शोधायला अक्कल लागते. ती काकांकडे भरपूर होती.

इंजिन टेस्टिंग म्हणजे काय करता, असं मी लग्नानंतर एकदा विचारलं. तो खुलला. नवंकोरं इंजिन लोखंडी चौकटीवर बांधायचं, पूर्ण ताण द्यायचा आणि ते मरेपर्यंत चालवायचं. मेलं की उघडायचं आणि कशाने मेलं ते बघायचं. या कामाचा त्याला पगार मिळत असे. दिवसभर परक्यांच्या इंजिनांचा खाटीक असलेला हा माणूस स्वतःच्या मोटारसायकलला तळहातावरच्या फोडासारखं जपेल, असं मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी हसले असते.

आखाडात नव्या नवरीला माहेरी नेतात. माझा भाऊ न्यायला येतो म्हणाला. नवरा म्हणाला, "कशाला जातेस? याच महिन्यात गाडी येतेय. समुद्रावर जायचंय ना?" मी भावाला फोन करून नको म्हणून सांगितलं. आईने फोनवर जे मौन पाळलं त्याचा अर्थ मला पुरता कळला, पण समुद्रापुढे आईचं काय चालणार!

गाडी खरंच आली. दुकानावर मोठा फलक होता, आडी महिन्याची सवलत. आडी म्हणजे साधारण आपला आखाडच. नवऱ्याला वाटलं, काय आपलं नशीब, नेमकी आपल्या वेळेला सवलत निघाली. गाडी दारात उभी केली तेव्हा आमच्या घरमालकीणबाई खाली आल्या. इकडे अशा बाईंना मामी म्हणतात. या मामी तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजाबरोबर दक्षिणेत आले आणि तिथेच राहिले. त्यांचं मराठी ऐकताना वाटायचं की एखादी पोथी उठून चालायला लागली आहे आणि वाटेत तमिळ बोलायला शिकली आहे.

"आडी महिन्यांत वाहन घेतलें?" मामींनी कपाळावर हात मारला. "अय्यो! आडींत कोण घेतें ग? कोणी घेत नाहीं म्हणून तर दुकानदार स्वस्त देतो!"

अख्ख्या चेन्नईत जे कुणी घेत नाही, ते आम्ही रांगेत उभं राहून आणलं होतं. नवरा म्हणाला, यंत्राला महिना कळत नाही, ही अंधश्रद्धा आहे. मामींनी तरी दोन लिंबं आणून चाकांखाली ठेवली, कापूर ओवाळला, आणि त्याने ती लिंबं चिरडत गाडी पुढे घेतली. मी पदर खोचून तयारच होते. नवी साडी, केसात मामींनी दिलेला गजरा. मागच्या सीटवर बसणार इतक्यात नवरा ओरडला, "हं हं! बसू नकोस!"

मला वाटलं, सीटवर काही सांडलंय.

"पहिले हजार किलोमीटर डबलसीट नाही," तो म्हणाला. "रनिंग-इन आहे."

मग दारात उभ्याउभ्याच त्याने मला रनिंग-इन समजावून सांगितलं. गजरा सुकेपर्यंत सांगितलं. नवीन इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर दोन्ही खरखरीत असतात. त्यांची अजून ओळख नसते. हळूहळू घासून घासून ते एकमेकांत बसतात. तोपर्यंत वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही. एकाच वेगाने फार वेळ चालवायचं नाही. चढावर दमवायचं नाही. गर्दीत पहिल्या गिअरमध्ये रखडवायचं नाही. थोडं चाललं की थांबून निवू द्यायचं. आणि वजन, वजन तर अजिबात टाकायचं नाही. हे म्हणताना त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तेव्हा चांगली काडी होते, पण त्या नजरेत मी गव्हाचं पोतं झाले.

"मग समुद्र?" मी विचारलं.

"हजार झाले की. त्यानंतर रोज." त्याने मागे बसणाऱ्याचे पाय ठेवायचे दोन दांडे मिटून तांब्याच्या तारेने बांधून टाकले. का, तर चुकून कुणी मित्र बसायला नको. मागच्या अर्ध्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकही त्याने काढलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवी सून आली आणि मी जुनी झाले. सकाळी तो उठायचा तो आधी गाडीपाशी. तिला चालू करून लगेच निघायचं नाही म्हणे, थोडं थांबायचं; आणि फार वेळ उभी ठेवूनही चालवायची नाही. हा थोडा आणि फार यांमधला नेमका क्षण तो कान लावून शोधायचा. मी आत चहा घेऊन उभी. माझ्या आवाजात काही बदल झालाय का, हे ऐकायला त्याने कधी कान लावला नाही. गाडी पुसायला मऊ कापड हवं म्हणून माझी सुती ओढणी गेली. लग्नात मावशीने दिली होती. "हिच्याइतकं मऊ काही नाही घरात," तो कौतुकाने म्हणाला. मावशीला मी अजून सांगितलेलं नाही.

रविवारी त्याचे मित्र यायचे. सगळे महाराष्ट्रातून आलेले, सगळे मोटारींच्या नाहीतर सुट्या भागांच्या कंपन्यांत. पोहे खाता खाता रनिंग-इनवर कीर्तन चालायचं. त्यात दोन पंथ होते. हळू पंथ आणि जोर पंथ. माझा नवरा हळू पंथाचा म्होरक्या. जोर पंथाचा एकच मावळा होता, पुण्याचा, तो म्हणायचा की पहिल्याच दिवशी ताणून चालवली तरच रिंगा नीट बसतात. त्याने शोरूममधून काढलेली गाडी बायकोला मागे बसवून थेट महाबलीपुरमला नेली होती. माझ्या नवऱ्याने हे ऐकून डोळे मिटून घेतले. "तुझं इंजिन तेल प्यायला लागेल, बघ," तो म्हणाला, जणू मित्राचा मुलगा दारूला लागणार होता. पुण्याच्या मित्राची बायको स्वयंपाकघरात येऊन मला सांगत होती, लाट परत जाते ना, तेव्हा पायाखालची वाळू सरकते, आणि आपणच मागे मागे चाललोय असं वाटतं. मी पोह्यांवर खोबरं पेरत होते. ते जरा जास्तच पेरलं गेलं.

आता प्रश्न होता गिंडीच्या गर्दीचा. संध्याकाळी ऑफिस सुटताना त्या भागात बसेस, लॉऱ्या, रिक्षा यांचा असा काला होतो की गाडी पहिल्या गिअरच्या वर जात नाही. नव्या इंजिनाला हे विष. म्हणून नवरा पहाटे गर्दीच्या आधी निघायचा आणि संध्याकाळी गर्दी ओसरली की परत यायचा. जेवण झाकून ठेवून मी वाट बघायची. नवीन लग्न, अनोळखी भाषा, शेजारणींना मी काय बोलले ते कळत नाही आणि त्या काय बोलल्या ते मला कळत नाही. दिवसभरात मी बोलायची ती फक्त मामींशी आणि कुकरशी.

एकदा मी विचारलं, "ऑफिस सुटल्यापासून गर्दी ओसरेपर्यंत तुम्ही असता कुठे?"

"अड्यारवरून पुढे जातो," तो भात कालवत म्हणाला. "बेसंत नगरला. समुद्रावर."

माझा घास हातातच राहिला. "समुद्रावर?"

"हो ना. तिथे वारा चांगला लागतो. अर्ध्या वेळात निवतं."

"काय निवतं?"

"इंजिन," तो म्हणाला आणि ताक मागितलं.

त्याने लपवलं काहीच नव्हतं. लपवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मला समुद्र दाखवायचा म्हणून इंजिन जपायचं, आणि इंजिन जपायचं म्हणून रोज एकट्याने समुद्रावर जाऊन बसायचं. यात काही विचित्र आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. मी ताक वाढलं. त्याच्या बुटांत वाळू होती. ती मीच रोज झाडत होते आणि मला वाटत होतं, गिंडीला कुठे बांधकाम चाललं असेल.

लंकेत सोन्याच्या विटा असल्या तरी आपल्याला काय, असं म्हणून मी गप्प बसायचं ठरवलं. बसवेना. मी अंथरुणावर पडून हिशेब करायची की आता याने किती समुद्र बघून टाकला असेल. मला खरंच वाटायचं की तो थोडा थोडा संपतोय. माझ्या वाट्याचा हा एकटाच खातोय, आणि मी पोचेन तेव्हा नुसती वाळू उरली असेल. हे खुळचट आहे हे मला कळत होतं. पण माहेरी गेले नाही ते याच्यासाठी, आईचं मौन ऐकलं ते याच्यासाठी, आणि आता शब्द पाळायचा नसेल तर पुढच्या आयुष्यात हा माणूस आणखी काय काय हजार किलोमीटरनंतर देणार होता?

गल्लीत मात्र नवऱ्याचं नाव झालं. ते असं की तमिळ माणसं आडी महिन्यात नव्या नवरा-बायकोला वेगळं ठेवतात. मुलगी माहेरी जाते. या महिन्यात दिवस राहिले तर मूल ऐन चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात जन्मतं, म्हणून ही सोय. मामींनी पाहिलं की मी माहेरी गेले नाही, पण नवरा पहाटे घराबाहेर पडतो, सगळे दिवे लागल्यावर घरी येतो, बायकोला गाडीला शिवू देत नाही. त्यांनी त्यांचा निष्कर्ष काढला आणि नळावर जाऊन सगळ्यांना सांगितला.

"तुझा नवरा आडी पाळूलाला," त्या मला भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "माहेरीं पाठवायला जमलें नाहीं, तर आपणच बाहेर राहतो. उत्तरेकडचा असून! हल्लींच्या पोरांना कुठें असतें इतकी श्रद्धा!"

मामींच्या दृष्टीने जालना हे उत्तरेकडे होतं. मी त्यांना रनिंग-इन समजावण्याचा प्रयत्न केला. पिस्टन, रिंगा, सिलिंडर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सरी मा, लाजूं नको." त्या दिवसापासून नळावरच्या बायका मला आधी पाणी भरू द्यायला लागल्या. व्रतस्थ माणसाची बायको ना मी. आवडीत त्या वर्षी पाण्याची जी मारामार होती, त्यात हा फायदा फारच मोठा होता, म्हणून मीही मग पिस्टनचं नाव काढलं नाही.

आडीतल्या एका शुक्रवारी मामी म्हणाल्या, "अष्टलक्ष्मीच्या कोविलला जातें. येतेस का? बेसंत नगरला आहे. समुद्राच्या अगदी कांठाला."

"समुद्र यांच्याबरोबर बघायचाय मला," मी म्हणाले. म्हणताना माझं मलाच ते फार केविलवाणं वाटलं.

"मग डोळे मिटून देवळांत जा आणि डोळे मिटून बाहेर ये," मामी म्हणाल्या. "वाट कशाला बघूलालीस? देवीला काय सांगूं, हिचें इंजिन झालें नाहीं अजून?"

म्हणजे बाईंना पिस्टन बरोबर समजला होता.

आवडीहून लोकलने सेंट्रलला, तिथून बसने. मामींनी एका हाताने हळदी-कुंकवाची पिशवी आणि दुसऱ्या हाताने मला धरून ठेवलं होतं. बेसंत नगरला उतरलो, एक वळण घेतलं, आणि वाऱ्याला एकदम मासळीचा आणि मिठाचा वास आला. मी डोळे मिटून घेतले होते असं सांगायला आवडलं असतं. मी सताड उघडे ठेवले होते. देऊळ राहिलं बाजूला. मामी म्हणाल्या, "जा, मी आत आहें." आणि मी वाळूत चप्पल हातात घेऊन चालायला लागले.

कॅलेंडरवाल्याने फसवलं होतं, ही पहिली गोष्ट. इथला समुद्र पूर्वेला. सूर्य बुडत होता तो माझ्या पाठीमागे, फ्लॅटांच्या टाक्यांमध्ये. पण समोर जे होतं ते इतकं मोठं होतं आणि इतका आवाज करत होतं की माझ्या तोंडून नुसतं "अगं बाई" एवढंच आलं. कुणाला तरी सांगावं म्हणून मी शेजारी पाहिलं. शेजारी एक कुत्रं होतं.

आणि मग मला गाडी दिसली.

वाळू आणि रस्ता यांच्या मधल्या कठड्यालगत ती स्टँडवर उभी होती. तिच्यासमोर, कठड्यावर, माझा नवरा बसला होता. गुडघ्यांवर कोपरं, तळव्यांत हनुवटी. तो इंजिनाकडे बघत होता. समुद्राकडे त्याची पाठ होती.

माझी खात्री होती की आता वळेल. मोठी लाट फुटली, पोरं किंचाळली, शेंगदाणेवाला ओरडत गेला. हा वळला नाही. मध्येच पुढे वाकून त्याने इंजिनाजवळ तळवा धरला, आपण तापलेल्या पोराच्या कपाळाजवळ धरतो तसा, आणि समाधानाने पुन्हा मागे झाला.

मी जाऊन म्हणाले, "अहो."

तो दचकून उठला. मला बघून त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "हात लावू नकोस हं, तापलंय."

मग बाकीचं सुचलं. तू इथे कशी, कुणाबरोबर, काय झालं. मी सांगितलं, मामींबरोबर आले, मामी देवळात आहेत, काही झालेलं नाही. आणि विचारलं, "तुम्ही रोज इथेच बसता?"

"हो."

"असेच?"

"असेच म्हणजे?"

"म्हणजे पाठ करून?"

त्याने मागे वळून समुद्राकडे पाहिलं. घरात नवीन कपाट आणलं आणि आठवड्याने लक्षात आलं, असा चेहरा झाला त्याचा. "अरे," तो म्हणाला, "भरती आहे वाटतं."

मला वाटत होतं, हा माझ्या वाट्याचा समुद्र खातोय. त्याने तो चाखलाही नव्हता. दोघांचाही समुद्र तसाच्या तसा शिल्लक होता. माझा राग त्यामुळे कमी व्हायला हवा होता. तो इतका वाढला की मला रडू यायला लागलं, आणि रडणं दिसू नये म्हणून मी तरातरा पाण्यात शिरले. लाट आली, परत गेली, पायाखालची वाळू सरकली. पुण्याच्या मित्राची बायको अगदी बरोबर सांगत होती.

तो बूट हातात घेऊन मागोमाग आला. पाण्यात उभा राहिला, पण गाडीकडे तोंड करून. गाडी कुणी नेली तर? त्यामुळे पुढची लाट त्याला मागून बसली ती कमरेपर्यंत. मी हसले नाही. खूप कष्ट पडले.

"पाचशेच्या पुढे गेलेत," तो भिजलेल्या पँटचं पाणी झटकत म्हणाला, जणू मी काही विचारलं होतं. "थोडेच दिवस अजून. तुला वाटतं मला आवडतं हे? दिवसभर इंजिनं मरताना बघतो मी. उघडतो तेव्हा आतून ओरबाडलेलं असतं सगळं. माझ्या हातचं एक तरी नीट जगावं असं वाटतं मला. पहिल्या दिवसांत बिघडलं की मग ते कधीच नीट होत नाही गं."

हे मात्र त्याने माझ्याकडे बघून सांगितलं. त्याचे डोळे खरोखर दुःखी होते. लग्नानंतर इतकं लांब वाक्य तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता, आणि ते इंजिनाबद्दल होतं.

"रिंगा आणि सिलिंडर घासून घासून बसतात ना?" मी विचारलं.

"हो."

"ते एका घरात असतात म्हणून बसतात. एक आवडीला आणि एक बेसंत नगरला ठेवलं, तर कसे बसतील ते कोणत्या पुस्तिकेत दिलंय?"

त्या क्षणी तर मला ते बोलून टाकल्याचीच भीती वाटली. माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर होतं, आणि हा माणूस आता पाठ फिरवून गाडीपाशी जाऊन बसला असता तर मला त्याच्याबद्दल जे कळायचं ते कायमचं कळलं असतं.

तेवढ्यात मामी प्रसादाचा द्रोण घेऊन वाळूतून आल्या. आमच्या ओल्या कपड्यांकडे त्यांनी बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. "मी कांहीं पाहिलें नाहीं," त्या म्हणाल्या. "आडी महिन्यांत माझे डोळे जरा अधूच होतात." मग नवऱ्याला म्हणाल्या, "मी आज अड्यारला बहिणीकडे राहतें. हिला बसनें पाठवणार असशील तर कोणती बस तेवढें सांग तिला. पोरीला भाषा येत नाहीं." आणि गोड भाताचा द्रोण माझ्या हातात देऊन बाई चालू लागल्या. त्या बहिणीचा उल्लेख मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यानंतरही ऐकला नाही.

आम्ही गाडीपाशी आलो. त्याने बसथांब्याकडे पाहिलं. गाडीच्या मीटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी प्रसादाचा भात खात उभी होते, त्याला मदत करायची माझी मुळीच तयारी नव्हती. बराच वेळ गेला. हजारातले निम्मे राहिलेले किलोमीटर त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मला दिसत होते.

शेवटी तो वाळूत गुडघे टेकून बसला आणि मागच्या दांड्यांची तांब्याची तार सोडायला लागला. घट्ट बांधली होती. त्यात नखं मोडली त्याची. दांडे उघडताना नवे असल्यामुळे कुरकुरले. मी मागच्या सीटवरचं प्लास्टिक एका ओढीत फाडून काढलं. मला तो आवाज अजून आठवतो, फार सुंदर होता.

"घट्ट धर," तो म्हणाला. ताशी तीसने जाताना घट्ट कशाला धरायचं, असं मी विचारू शकले असते. विचारलं नाही, धरलं. सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. अड्यारच्या पुलावर एका म्हाताऱ्याने स्कूटरवरून वळून आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. गर्दी ओसरलेली नव्हतीच. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. त्याच्या पंथाची सगळी पापं त्याने त्या एका संध्याकाळी केली. प्रत्येक पापाला त्याची पाठ ताठ व्हायची, ते मला हाताला कळत होतं.

गिंडीच्या पुढे एका चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी थांबवली. "निवू दे जरा," म्हणाला. टपरीबाहेर एक लाकडी बाक होता. मी जाऊन बसले, तोंड रस्त्याच्या पलीकडच्या झाडांकडे करून. तो दोन चहा घेऊन आला आणि सवयीने बाकाच्या दुसऱ्या बाजूने बसला, गाडीकडे तोंड करून. आमच्या पाठी एकमेकींना लागल्या.

मग तो उठला. चहा न सांडता बाकाला वळसा घालून इकडे आला आणि माझ्या शेजारी बसला, माझ्यासारखंच तोंड करून. "आता सांग," तो म्हणाला, "कसा वाटला समुद्र?"

मी सांगायला लागले. कॅलेंडरपासून. आमच्या मागे निवणाऱ्या इंजिनाची टिक टिक चालली होती. त्याने वळून पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदा पाहिलं. पण एकदाच.